फिल्म मिळेनाशी होण्याआधी करायची तयारी

पहिलं काम खरेदीचं नाही, हिशेबाचं आहे. वर्षभरात कॅमेऱ्याच्या फिल्मचे किती रोल संपतात, त्यात रंगीत किती आणि कृष्णधवल किती, आणि कॅमेऱ्यात नीट न बसल्यामुळे, प्रकाश मोजणारं मीटर चुकल्यामुळे किंवा डेव्हलपिंगच्या टँकमध्ये किती वाया जातात, हे एका कागदावर मांडा. टंचाईची कुणकुण लागली की बहुतेक जण आधी डझनभर रोल घेऊन ठेवतात आणि कॅमेरा तपासायचं नंतर बघू म्हणतात. आमच्या मते क्रम नेमका उलटा हवा.

कॅमेरा तपासायला नवा रोल लागत नाही. डेव्हलप न केलेला एखादा टाकाऊ रोल कायम बॅगेत ठेवा. तो भरून झाकण लावा, रिवाइंडची खुंटी हलकेच रिवाइंडच्या दिशेने फिरवून फिल्मचा ढिलेपणा काढा आणि मग लीव्हर ओढा. लीव्हरबरोबर ती खुंटी फिरली तर फिल्म सरकते आहे. नाही फिरली तर फिल्मची जीभ, म्हणजे तिचं पुढचं टोक, फिल्म गुंडाळून घेणाऱ्या टेक-अप स्पूलवरून निसटली आहे, आणि छत्तीस फोटो काढल्याच्या समाधानात तुम्ही कोरा रोल लॅबमध्ये द्याल. ही सवय प्रत्येक रोलला लावून घ्या. पाठीमागच्या झाकणातला फोम बोटाला काळा, चिकट लागत असेल तर तो बदला. तिथून आलेला प्रकाश फ्रेमच्या कडेला नारिंगी किंवा पांढरट पट्टा सोडतो. जुन्या कॅमेऱ्यांचं मीटर १.३५ व्होल्टच्या पारा-सेलवर चालायचं. त्या जागी १.५ व्होल्टचा अल्कलाइन सेल घातला की बऱ्याच कॅमेऱ्यांत मीटर चुकीचं वाचतं, आणि सेल संपत जाईल तशी चूकही बदलत राहते. श्रवणयंत्रातला ६७५ नंबरचा झिंक-एअर सेल साधारण १.४ व्होल्ट देतो. बाजूने छोटं वॉशर घालून तो बसवता येतो. स्टिकर काढल्यावर तो काही महिन्यांतच संपतो, म्हणून जोडीला दुसरा ठेवा.

आता साठा कशाचा करायचा ते. टंचाई सगळ्या फिल्मवर सारखी येत नाही. रंगीत फिल्ममध्ये एकावर एक डझनाहून अधिक थर चढवावे लागतात, आणि ते मोठ्या प्रमाणावर करू शकणारे कारखाने जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत. कोडॅकचं कोटिंग, म्हणजे थर चढवण्याचं काम, अमेरिकेत रोचेस्टरला होतं. तिथली यंत्रणा सुधारण्यासाठी नोव्हेंबर २०२४ मध्ये काम थांबवणार अशी बातमी आली, तेवढ्यावरच लोकांनी रोल गोळा करायला सुरुवात केली. फुजीने प्रो ४००एच ही रंगीत फिल्म २०२१ मध्ये बंद केली. कच्चा माल मिळणं अवघड झाल्याचं कारण कंपनीने दिलं होतं. म्हणजे गिऱ्हाईक असूनही फिल्म बंद पडू शकते. चांदी, जिलेटिन, रंगद्रव्य बनवणारी रसायनं, यातलं काहीही अडलं की पुढचं सगळं अडतं. उलटही घडतं: कोडॅकची स्लाइड फिल्म एक्टाक्रोम २०१२ मध्ये बंद झाली आणि २०१८ मध्ये परत आली. फुजीची कृष्णधवल अ‍ॅक्रॉस २०१८ मध्ये गेली, २०१९ मध्ये अ‍ॅक्रॉस २ आली. म्हणून ‘आता कधीच मिळणार नाही’ असं म्हणून कर्ज काढून साठा करू नये.

कृष्णधवलची गोष्ट वेगळी. थर कमी आणि बनवणारे जास्त. इंग्लंडमध्ये मोबर्लीला हार्मन ही कंपनी इलफर्ड आणि केंटमियर या फिल्म बनवते, चेक प्रजासत्ताकात ह्रादेत्स क्रालोवेला फोमा ही कंपनी आहे, शिवाय कोडॅक आहेच. म्हणून रोजच्या कामाला एकच कृष्णधवल फिल्म ठरवा, ती घाऊक घ्या आणि स्वतः डेव्हलप करा. रंगीत फिल्म थोडी, ठरवून, थंड जागी ठेवा. रंगीतचा साठा एक-दीड वर्षाच्या वापराइतका पुरे. त्यापुढे फिल्म म्हातारी होत जाते आणि पैसे अडकून पडतात.

फिल्म निवडताना डबीवरच्या नावाला भुलू नका. बाजारातली बरीच नावं एकाच कारखान्याच्या मालाची असतात. कॉस्मो फोटो मोनो आणि अरिस्टा ईडीयू अल्ट्रा या फोमाच्याच फिल्म आहेत. कुठे बनली तो देश, डबीवर छापलेले डेव्हलपिंगचे वेळ आणि निगेटिव्हच्या कडेची अक्षरं यांवरून मूळ ओळखता येतं. जी डबी स्वस्त तीच घ्यावी. स्वस्त फिल्मचे स्वभाव मात्र माहीत हवेत. फोमापॅन ४०० ला बहुतेक डेव्हलपरमध्ये ४०० चा वेग, म्हणजे डबीवर लिहिलेली प्रकाशाची संवेदनशीलता, मिळत नाही. २०० ते २५० धरून एक्स्पोज करा, सावल्यांतले तपशील दिसतात. फोमापॅन १०० लांब एक्स्पोजरला फार मंदावते: मीटरने १ सेकंद सांगितला तर २ द्यावे लागतात, १० सेकंद सांगितले तर ८०. रात्री ट्रायपॉडवर काम करणाऱ्याने हे आकडे बॅगेवर चिकटवून ठेवावेत. केंटमियरमध्ये दिव्यांभोवती वलय पडतं. काहींना ते आवडतं, नाहीतर समोरचा दिवा फ्रेमबाहेर ठेवा.

घाऊक म्हणजे ३०.५ मीटरची, शंभर फुटांची, बंद डब्यातली फिल्म. ३५ मिमीच्या एका फ्रेमला ३८ मिमी जागा लागते. ३६ फ्रेम आणि पुढेमागे जाणारा भाग धरून एका रोलला सुमारे १.६५ मीटर जाते, म्हणजे एका डब्यातून अठरा रोल. २४ फ्रेमचे बांधले तर पंचवीसच्या आसपास. बाजारभाव बघून गणित मांडा. काही वेळा मागणी वाढली की घाऊक डबा सुट्या रोलपेक्षा महाग पडतो, आणि मग तो घेण्यात अर्थ नाही. घाऊकचा दुसरा फायदा लोक विसरतात: दहा फ्रेमचे तुकडे बांधता येतात. नवा डेव्हलपर किंवा नवी लेन्स तपासायला साठ-सत्तर सेंटीमीटर फिल्म पुरते, अख्खा रोल जाळावा लागत नाही.

लोडर (घाऊक फिल्म कॅसेटमध्ये भरायचं यंत्र), चेंजिंग बॅग (हात घालून अंधारात काम करायची प्रकाशबंद पिशवी), कात्री, चांगली चिकटपट्टी आणि दहा-बारा रिकाम्या कॅसेट एवढं साहित्य लागतं. लोडरमध्ये फिल्म पूर्ण अंधारात भरायची असते, म्हणून टाकाऊ फिल्मवर उजेडात आणि मग डोळे मिटून सराव करा. पुन्हा वापरायच्या प्लॅस्टिकच्या कॅसेट मिळतात, पण त्यांचं झाकण पडल्यावर उघडतं आणि त्यांवर डीएक्स कोड, म्हणजे कॅमेऱ्याला फिल्मचा वेग सांगणारी खूण, नसतो. कोड नसला की बरेच स्वयंचलित कॅमेरे फिल्म १०० ची समजतात. आत ४०० ची असेल तर सगळा रोल दोन स्टॉप जास्त उजेड खातो (एक स्टॉप म्हणजे दुप्पट, दोन म्हणजे चौपट). त्यापेक्षा लॅबकडून त्याच वेगाच्या फिल्मच्या रिकाम्या धातूच्या कॅसेट मागून घ्या. फिल्म काढताना त्यांनी दोन-तीन सेंटीमीटर जीभ बाहेर ठेवून कापलेली हवी. नवी फिल्म त्या जिभेला जोडायची: टोकं सरळ, दोन्हींची चकचकीत बाजू एकाच अंगाला, पट्टी दोन्ही बाजूंनी, आणि पट्टी फिल्मच्या रुंदीबाहेर तसूभरही नको, नाहीतर ती कॅसेटच्या मखमलीला चिकटते. इमल्शनची, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या थराची, मॅट बाजू आत वळली पाहिजे.

मग लोडर बंद करून हळू फिरवा. कोरड्या हवेत भराभर फिरवलं तर घर्षणाच्या विजेने ठिणगी पडते आणि निगेटिव्हवर झाडाच्या फांद्यांसारख्या काळ्या रेघा उमटतात. संपूर्ण लांबीभर एकच सरळ ओरखडा दिसला तर दोष लोडरचा. मखमलीत कण अडकलाय, किंवा ज्या लोडरचा प्रकाशरोधक दरवाजा भरताना उघडावा लागतो तो बंदच राहिला. आणखी एक गोष्ट. जोड उजेडात मारलेला असतो, म्हणून रोलच्या शेवटच्या दोन-तीन फ्रेम काळ्या येणारच. शेवटचा महत्त्वाचा फोटो तिथे काढू नका. ३६ वर लीव्हर अडली की जोर लावायचा नाही. जोर लावला तर पट्टी सुटते, फिल्म कॅसेटपासून वेगळी होते आणि रिवाइंड होत नाही. तसं झालंच तर कॅमेरा चेंजिंग बॅगेत उघडा आणि फिल्म थेट टँकच्या रिळावर चढवा. प्रत्येक कॅसेटवर फिल्मचं नाव, फ्रेमची संख्या आणि भरल्याची तारीख लिहा. जुन्या कॅसेटवर आधीच्या फिल्मचं नाव छापलेलं असतं, तेवढ्यानेही घोळ होतो.

साठवण सोपी आहे, घाई नडते ती बाहेर काढताना. वर्षभरात वापरायची फिल्म फ्रीजमध्ये, त्याहून लांबची फ्रीझरमध्ये उणे १८ अंशांवर. कारखान्याचं वेष्टन फोडू नका. स्वतः भरलेल्या कॅसेट प्लॅस्टिकच्या घट्ट डबीत, डबी झिपच्या पिशवीत, पिशवीतली हवा दाबून काढलेली. फ्रीजमधली डबी बाहेर काढल्यावर दोन तास आणि फ्रीझरमधली रात्रभर बंदच ठेवा. घाऊक डब्याला पूर्ण दिवस द्या. गार फिल्म दमट हवेत उघडली की तिच्यावर दव धरतं आणि थर एकमेकांना चिकटतात किंवा डाग पडतात. इन्स्टंट फिल्म फ्रीझरमध्ये घालूच नका, तिच्यातल्या रसायनांच्या पुड्या बिघडतात. ३२०० सारख्या वेगवान फिल्मचाही साठा नको. नैसर्गिक किरणोत्सर्ग फ्रीझरच्या भिंतीने थांबत नाही आणि अशी फिल्म गारठ्यातही धुरकट होत जाते.

फिल्मइतकीच रसायनंही दगा देतात. तयार डेव्हलपरची पाकिटं महिनोन्‌महिने गायब होण्याचे प्रकार झाले आहेत, म्हणून एक पाककृती हाताशी असावी. डी-२३ सगळ्यात सुटसुटीत: १ लिटरला मेटॉल ७.५ ग्रॅम आणि निर्जल सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, बस. ०.१ ग्रॅम दाखवणारा काटा घ्या. ७५० मिली पाणी ५० अंशांपर्यंत गरम करून त्यात आधी सल्फाइटची चिमूट टाका, म्हणजे मेटॉल हवेने काळवंडत नाही. मग मेटॉल पूर्ण विरघळवा आणि त्यानंतर उरलेलं सल्फाइट. क्रम चुकवून सगळं सल्फाइट आधी घातलं तर मेटॉल विरघळता विरघळत नाही. शेवटी पाणी घालून १ लिटर करा आणि गळ्यापर्यंत भरलेल्या बाटलीत ठेवा. वापरताना १५० मिली द्रावणात तेवढंच पाणी, एका रोलला एकदा, मग फेकून द्यायचं. लिटरभरात सहा रोल होतात. १ किलो सल्फाइट आणि ७५ ग्रॅम मेटॉल घेतलं की साठ रोलची सोय झाली, म्हणजे घाऊकचे तीन डबे. हातमोजे घाला, मेटॉलने काहींच्या त्वचेवर कायमची अ‍ॅलर्जी उठते. सल्फाइट हवाबंद ठेवा, उघडं राहिलं की त्याचं सल्फेट होतं आणि त्याचा उपयोग राहत नाही.

फिक्सर, म्हणजे डेव्हलपरनंतर फिल्म पक्की करणारं द्रावण, अंदाजाने फेकू नका, आणि अंदाजाने वापरूही नका. कापलेल्या जिभेचा तुकडा त्यात टाकून तो पारदर्शक व्हायला किती वेळ लागतो ते मोजा. त्याच्या दुप्पट वेळ फिल्म ठेवायची. ताज्या फिक्सरच्या तुलनेत हा वेळ दुप्पट झाला की ते फिक्सर संपलं.

रंगीत रोल घरी करायचे तर सी-४१ चं, म्हणजे रंगीत निगेटिव्ह डेव्हलप करण्याच्या ठरलेल्या प्रक्रियेचं, किट पुरतं, पण मिसळलेला डेव्हलपर काही आठवडेच टिकतो. म्हणून रोल साठू द्या आणि मगच किट फोडा. तोवर काढलेले रोल फ्रीजमध्ये, कारण एक्स्पोज केलेली फिल्म पडून राहिली की रंग सरकतात. डेव्हलपर ३७.८ अंश, ३ मिनिटं १५ सेकंद. इथे अर्धा अंशही इकडेतिकडे नको, त्यामुळे बाटल्या कोमट पाण्याच्या टबात ठेवा. सिनेमाच्या फिल्मचे तुकडे स्वस्तात मिळतात. त्यांच्या पाठीवर रेमजेटचा काजळीचा थर असेल तर तो रोल साध्या लॅबमध्ये मुळीच देऊ नका. थर सुटून यंत्रभर पसरतो आणि दुसऱ्यांच्या रोलवर बसतो. विकणाऱ्याला थर काढलेला आहे का हे थेट विचारा.

मुदत उलटलेली फिल्म घेताना एकेक रोल वेचण्यापेक्षा एकाच बॅचचे दहा घ्या आणि त्यातला एक चाचणीत घालवा: तोच विषय डबीवरच्या वेगाला, मग एक स्टॉप जास्त, मग दोन. रंगीत निगेटिव्ह साध्या हवेत राहिली असेल तर दर दहा वर्षांना एक स्टॉप जास्त, हा ठोकताळा सुरुवातीला चालतो. मंद कृष्णधवल त्याहून बरी टिकते. स्लाइड फिल्मला हा ठोकताळा लावू नका. ‘कायम फ्रीजमध्ये होती’ हे विकणाऱ्याचं वाक्य पडताळता येत नाही, तेव्हा त्याचे वेगळे पैसे देऊ नयेत.

नेहमीच्या फ्रेमच्या अर्ध्या जागेत एक फोटो काढणाऱ्या हाफ-फ्रेम कॅमेऱ्यात ३६ च्या रोलवर ७२ फोटो येतात, छोट्या प्रिंटला ते पुरतात. १२० च्या, म्हणजे ३५ मिमीहून रुंद, फिल्मवर ६×९ सेंटीमीटरमध्ये आठ आणि ६×४.५ मध्ये सोळा फ्रेम येतात, हेही कॅमेरा निवडताना ध्यानात ठेवा.

प्रवासात सगळे रोल पारदर्शक पिशवीत, हातातल्या बॅगेत. चेक-इनच्या सामानात कधीच नाही, तिथली किरणं जास्त तीव्र असतात. विमानतळांवरची नवी सीटी स्कॅनर यंत्रं कमी वेगाच्या फिल्मलाही धुरकट करतात, म्हणून रांगेत उभं राहण्याआधीच हाताने तपासण्याची विनंती करा. काढून झालेले पण डेव्हलप न केलेले रोलही तितकेच नाजूक असतात, त्यांची पिशवी वेगळी ठेवा आणि तिच्यावर तसं लिहा.