जुना फोन माईक म्हणून वापरा

घरी शूट केलेला व्हिडिओ दिसायला चांगला असतो, पण आवाज विहिरीतून आल्यासारखा येतो. फोन पाच-सहा फूट लांब असतो आणि आवाज फरशी-भिंतींवर आपटून घुमतो. नवा माईक घ्यायच्या आधी कपाटात पडलेला जुना फोन बाहेर काढा.

१. जुना फोन एअरप्लेन मोडवर टाका आणि त्यातला व्हॉइस रेकॉर्डर सुरू करा. शर्टाच्या खिशात तो उलटा ठेवा. बोलायचा माईक खालच्या कडेला असतो, तो वर यायला हवा. वायरचा इअरफोन असेल तर फारच उत्तम. त्याचा माईक हनुवटीपासून वीतभर खाली सेलोटेपने चिकटवा, कापडावर घासणार नाही असा.

२. दोन्ही फोनचं रेकॉर्डिंग सुरू झालं की कॅमेऱ्यासमोर एक जोरात टाळी वाजवा.

३. एडिटिंग ॲपमध्ये व्हिडिओ आणि जुन्या फोनमधलं रेकॉर्डिंग दोन्ही घ्या. टाळीची उंच रेघ दोन्हींच्या आवाजाच्या पट्टीवर (ट्रॅकवर) लगेच दिसते. त्या रेघा जुळवा आणि व्हिडिओचा मूळ आवाज म्यूट करा.

पंखा बंद ठेवा. कॅमेऱ्यामागे दोरीवर एक गोधडी टाका, कारण तोंडातून निघालेला आवाज आधी त्याच भिंतीवर आदळतो. एवढ्यानेही घुमणं बरंच कमी होतं.

एक जपा: दोन फोनची घड्याळं अगदी सारखी चालत नाहीत, त्यामुळे लांबलचक रेकॉर्डिंगमध्ये ओठ पुढे आणि आवाज मागे पडू शकतो. दहा-दहा मिनिटांचे तुकडे करा, प्रत्येकाला नवी टाळी.