अमेरिकेतील महाविद्यालयीन गोल्फचे प्रशिक्षकपद : तयारी कशी करावी

ह्यूस्टन विद्यापीठाचे डेव्ह विल्यम्स मूळचे रसायन अभियांत्रिकीचे अध्यापक होते आणि नावाजलेले खेळाडू म्हणून त्यांची कधीच ओळख नव्हती. तरीही 1956 ते 1985 या काळात त्यांच्या संघांनी 16 राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली. या व्यवसायात उतरू इच्छिणाऱ्याने हे उदाहरण आधी समजून घ्यावे, कारण महाविद्यालयीन प्रशिक्षकाचे काम मुख्यतः स्विंग, म्हणजे चेंडू मारताना दांडा फिरवण्याची लकब, सुधारण्याचे असते हा समज चुकीचा आहे. त्याचे खरे काम खेळाडू निवडण्याचे, त्यांचा आठवडा आखण्याचे आणि संघासाठी पैसा व मैदान उभे करण्याचे असते.

पात्रतेच्या बाबतीत पदवी जवळपास सर्वत्र मागितली जाते, आणि स्वतः महाविद्यालयीन संघातून खेळलेले असणे उपयोगी पडते. त्यानंतरची पायरी साहाय्यक प्रशिक्षकाची. पूर्वी अनेक जण स्वयंसेवक म्हणून सुरुवात करत, परंतु राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडा संघटनेने, म्हणजे एनसीएएने, 2023 मध्ये पहिल्या विभागात (महाविद्यालयांच्या तीन विभागांपैकी सर्वांत वरच्या) ती श्रेणीच रद्द केली. परदेशातून आलेल्यांनी ॲन वॉकर यांचा प्रवास पाहावा. स्कॉटलंडहून आलेल्या वॉकर कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील संघात खेळल्या, तिथेच साहाय्यक झाल्या, पुढे त्याच विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेत मुख्य प्रशिक्षक झाल्या आणि 2012 मध्ये स्टॅनफर्डला गेल्या. त्यांच्या मार्गदर्शनाखाली स्टॅनफर्डच्या महिला संघाने 2015, 2022 आणि 2024 मध्ये राष्ट्रीय विजेतेपद जिंकले. मुख्य प्रशिक्षकाची पहिली नोकरी लहान महाविद्यालयात मिळाली तरी ती कमीपणाची मानू नये. तिसऱ्या विभागातील महाविद्यालये खेळासाठी शिष्यवृत्ती देत नाहीत, त्यामुळे केवळ शब्दावर आणि संघातील वातावरणावर खेळाडू कसे जोडावेत, हे तिथे जितके शिकता येते तितके क्वचितच दुसरीकडे शिकता येईल.

खेळाडूंची भरती हा या कामाचा गाभा आहे. पहिल्या विभागात प्रशिक्षकाला शालेय खेळाडूशी भरतीविषयी थेट बोलण्याची मुभा त्याचे दहावीचे वर्ष संपल्यानंतरच्या 15 जूनपासून मिळते. तोपर्यंत प्रशिक्षकाने कनिष्ठ गटाच्या स्पर्धांना जाऊन दुरून पाहायचे असते. तिथे गुणफलकापेक्षा खेळाडूच्या वागण्याकडे लक्ष द्यावे. एका होलवर दोन फटके जास्त गेल्यावर तो पुढच्या टीपर्यंत (पहिला फटका मारण्याच्या जागेपर्यंत) कसा चालत जातो, सोबत्याच्या चांगल्या फटक्याला दाद देतो का, आणि पालक दोरीपलीकडून खुणा करू लागले की त्यांच्याकडे पाहतो का, या गोष्टींची वहीत नोंद करावी. अठरा होलची बेरीज घरबसल्या संगणकावरही दिसते. 2025 पर्यंत पहिल्या विभागातील पुरुष संघाला साडेचार पूर्ण शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती आणि प्रशिक्षक त्या तुकड्या-तुकड्यांनी वाटत असत. आता खेळाडूंना पैसे देण्याविषयीचा 2025 मधील न्यायालयीन समझोता स्वीकारलेल्या विद्यापीठांत ती मर्यादा उठली असून संघात नऊच खेळाडू ठेवता येतात. त्यामुळे एक निवड चुकली तर तिची किंमत पूर्वीपेक्षा जास्त मोजावी लागते.

स्पर्धेत पाच जण खेळतात आणि प्रत्येक फेरीतले उत्तम, म्हणजे सर्वांत कमी फटक्यांचे, चार गुण धरले जातात. म्हणून पाचवा खेळाडू पहिल्याइतकाच महत्त्वाचा ठरतो, कारण वरच्या चौघांपैकी एकाचा दिवस बिघडला की त्याचा आकडा मोजला जातो. 2009 पासून पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत अव्वल आठ संघ शेवटी एकूण फटक्यांऐवजी जिंकलेले होल मोजणारे समोरासमोर सामने खेळतात आणि पाचपैकी तीन सामने जिंकणारा संघ पुढे जातो. फटके मोजण्याच्या खेळात सावध राहणारा खेळाडू अशा सामन्यात मागे पडू शकतो, त्यामुळे वर्षातून काही सराव याच पद्धतीने घ्यावा.

स्विंगच्या बाबतीत हात आखडता घ्यावा. बहुतेक मुलांचे स्वतःचे प्रशिक्षक लहानपणापासून ठरलेले असतात, तेव्हा त्यांना फोन करून काय चालू आहे ते समजून घ्यावे आणि हंगामाच्या मध्यात नवी पकड शिकवण्याचा मोह टाळावा. आपला वेळ लहान फटके, पटिंग (चेंडू खळग्यात ढकलण्याचे हलके फटके) आणि कोणत्या फटक्याला कोणता दांडा घ्यावा यावर खर्च करावा. महाविद्यालयीन स्पर्धेत प्रशिक्षकाला खेळाडूसोबत चालून सल्ला देता येतो, पण कोणत्या होलवर बोलावे आणि कोणत्या होलवर गप्प राहावे, हे सरावफेरीतच खेळाडूशी ठरवून घ्यावे.

हंगामात सरावासाठी आठवड्याला 20 तासांची मर्यादा आहे. स्पर्धेचा दिवस त्यात तीनच तास धरला जातो, मग त्या दिवशी 36 होल खेळताना सकाळची संध्याकाळ झाली तरी! बुडणाऱ्या तासिकांची यादी म्हणूनच सत्राच्या पहिल्या आठवड्यात प्राध्यापकांकडे पोहोचवावी.

पैशाच्या विषयात संकोच बाळगून चालत नाही. ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठाचे माइक होल्डर यांनी 1973 ते 2005 या कारकिर्दीत आठ राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली. परंतु विद्यापीठाच्या स्टिलवॉटर गावाजवळ 1994 मध्ये सुरू झालेले कार्स्टन क्रीक हे मैदान त्यांनी देणगीदारांच्या बळावर उभे केले, हेही तितकेच मोठे काम आहे. नव्या प्रशिक्षकाला मैदान बांधायचे नसते. त्याने जुन्या खेळाडूंना वर्षातून एकदा खेळायला बोलवावे, त्यांची नावे लक्षात ठेवावीत आणि देणगीचा विषय दुसऱ्या भेटीत काढावा.

राहिली निवडफेरी. प्रवासाला जाणारे पाच जण निवडण्याची पद्धत हंगामापूर्वी लेखी द्यावी : किती फेऱ्यांचे गुण धरणार आणि प्रशिक्षकाच्या मर्जीची जागा एक की दोन. एका फटक्याने हुकलेल्या मुलाला यादी लावण्यापूर्वी स्वतः भेटून सांगावे, आणि बाकीचे प्रवासात असताना त्याने कोणता सराव करायचा, हे त्याच भेटीत ठरवून द्यावे.