आजाऱ्याच्या घरी शुभवर्तमानातली बरं करण्याची गोष्ट कशी वाचायची

आमच्या वर्धा-यवतमाळ पट्ट्यात गावात चर्च असेलच असं नाही, चार-सहा ख्रिस्ती घरं असतात, पाळक (चर्चचे धर्मगुरू) महिन्यातून एखाद्या रविवारी येतात आणि मधल्या दिवसांत कोणी आजारी पडलं की आपल्यातलाच कोणीतरी बायबल काखेत मारून जातो. मी पण तसाच जाणारा. पाळक नाही, कास्तकार आहे. बरीच वर्षं जातोय आणि सुरुवातीची चार-पाच वर्षं चुकीचं वाचत होतो, ते आधी सांगतो म्हणजे पुढचं समजेल.

एक काकू होती, पोटाचं दुखणं, सहा महिने अंथरुणावर. मी गेलो आणि मार्क ५ काढला, म्हणजे मार्कच्या शुभवर्तमानाचा (बायबलमधल्या येशूच्या जीवनकथेचा) पाचवा अध्याय, बारा वर्षं रक्तस्राव होत असलेल्या बाईची गोष्ट. "तुझ्या विश्वासाने तुला बरे केले आहे" हे येशूचं वाक्य चांगलं आवाज चढवून वाचलं आणि वर विश्वास कसा असावा यावर पंधरा मिनिटं भाषण ठोकलं. काकूनं सगळं ऐकून घेतलं, सुनेला चहा ठेवायला सांगितलं, आणि मी उठताना हळूच म्हणाली, "म्हंजे माहाच इस्वास कमी पडते का रे बाबू?" मला काहीच उत्तर सुचलं नाही. सायकलवर घरी येईपर्यंत तेच डोक्यात.

तर पहिली गोष्ट, जायच्या आधी फोन करा. कापूस वेचणीच्या दिवसांत दुपारी घरात आजारी माणूस आणि कोंबड्या एवढंच असतं, म्हणून संध्याकाळी सातनंतर जा, आणि तीन-चार जणच जा, माईक-स्पीकर तर अजिबात नको. दुखणं काय आहे ते थोडक्यात विचारून घ्या कारण त्यावरून गोष्ट निवडायची असते, पण चौकशी समिती बसवू नका.

गोष्ट निवडणं हेच खरं काम आहे. बायबल उघडलं आणि जे पान आलं ते वाचलं असं करू नका.

दुखणं लांबलेलं असेल तर योहान ५, बेथेस्दाच्या तळ्यावरचा माणूस, ३८ वर्षं आजारी. येशू त्याला विचारतो की बरं व्हायचंय का, आणि हा बाबा "हो" म्हणत नाही, तक्रार सांगतो (पाणी हललं की जो आधी उतरेल तो बरा होतो असा तिथं समज होता), पाणी हललं की मला तळ्यात सोडायला कोणी नाही, माझ्याआधी दुसराच उतरतो. विश्वासाचा एक शब्द नाही त्याच्या तोंडात. बरा झाल्यावरसुद्धा आपल्याला कोणी बरं केलं हे त्याला माहीत नव्हतं. तरी उठला. ज्याला वाटतं की आपला विश्वास कमी पडतोय त्याच्यासमोर ही गोष्ट वाचायची, आणि वर भाषण द्यायचं नाही.

घरचे लोक थकलेले असतील तर मार्क २, छपरातून खाली सोडलेला पक्षाघाती. ही गोष्ट आपल्या लोकांना फार लवकर कळते. मार्क म्हणतो छप्पर उकरलं, लूक म्हणतो कौलांमधून सोडला. तिकडची घरं सपाट छपराची, लाकडाच्या दांड्यांवर फांद्या आणि वर माती थापलेली, आणि आपल्याकडं पावसाळ्याआधी कवेलू (कौलं) फेरायला जो वर चढलाय त्याला माहीत आहे की धूळ किती पडते आणि खालचे लोक काय काय बोलतात. घरमालक काय म्हणाला ते लिहिलेलं नाही, आपल्याकडचा असता तर बाज खाली यायच्या आधीच भरपाईचं बोलला असता. पण मुद्दा असा की तिथं "त्यांचा विश्वास पाहून" असं लिहिलंय, उचलून आणणाऱ्यांचा. आणि पडलेला माणूस? पूर्ण गोष्टीत तो एक शब्द बोलत नाही. म्हणून वाचून झालं की मी घरच्यांकडं बघून म्हणतो, कोण कोण उचलतंय यांना? मग पोरगा सांगतो की मजुरी बुडवून गाडीवर दोघांच्या मधात बसवून तालुक्याला नेलं, सून सांगते रात्री तीनदा उठावं लागते. तेवढंच बोलू द्या. आजारी माणसाला प्रार्थना करता येत नसली तरी चालते हे त्याला तिथंच कळतं, सांगावं लागत नाही.

आता सिकलसेल, रक्ताचं आनुवंशिक दुखणं. आपल्याकडं हे दुखणं पुष्कळ घरांत आहे आणि त्या घरात शिरलं की पहिला प्रश्न हाच, कोणाचं पाप, कोणाची करणी, आणि बहुतेक वेळा बोट सुनेकडं जातं. तिथं योहान ९ वाचा, जन्मापासून आंधळा असलेला. शिष्य विचारतात, कोणी पाप केलं, यानं की याच्या आईबापानं? इथं थांबा. दोन मिनिटं थांबा. घरच्यांना आपलाच प्रश्न दोन हजार वर्षांपूर्वीच्या लोकांच्या तोंडून ऐकू द्या. मग पुढचं वाचा, यानंही नाही, आईबापानंही नाही. आणि सोबत साध्या शब्दांत सांगा की सिकलसेल आई आणि बाप दोघांकडून येतो, दोघंही नुसते वाहक (स्वतः आजारी नाही पण आजार पुढं देऊ शकणारे) असले तरी प्रत्येक गरोदरपणात बाळाला तो व्हायची शक्यता चारात एक, वाहकाला स्वतःला बहुतेक काही त्रास होत नाही म्हणून कळत नाही, सरकारी दवाखान्यात रक्त तपासून घ्या. एक सावधगिरी, त्याच वचनात पुढं देवाची कार्यं प्रगट व्हावी असं आहे, ते वाचा पण त्यावरून "देवानं मुद्दाम तुमच्या लेकराला दुखणं दिलं" असं समजावत बसू नका, पोरगं रात्री हाडं दुखून रडतं त्या आईला हे ऐकवायचं नसतं.

आपल्याला बोलावणारे अर्धेअधिक लोक ख्रिस्ती नसतात, हे पण लक्षात ठेवा. बाजूच्या आळीतले येतात, दादा जरा प्रार्थना करून द्या म्हणतात. तिथं शताधिपतीची गोष्ट, लूक ७. रोमी सैन्यातला अधिकारी, परका माणूस, चाकर मरायला टेकलेला. गावचे वडीलजन त्याची शिफारस करतात की हा माणूस लायक आहे, यानं आम्हाला सभास्थान बांधून दिलं. आणि तो स्वतः निरोप पाठवतो की माझ्या छपराखाली यावं एवढा मी लायक नाही, नुसता शब्द बोला. लोकांचं सर्टिफिकेट एक आणि त्याचं स्वतःचं दुसरं. मत्तयमध्ये तो स्वतः येऊन बोलतो, लूकमध्ये येतच नाही, यावर भांडत बसू नका. कॅथोलिक लोक मिस्सात (त्यांच्या मुख्य उपासनेत) प्रभुभोजन घेण्याआधी थोडं बदलून हेच वाक्य म्हणतात. येशूला आश्चर्य वाटलं असं शुभवर्तमानात दोनच जागी आहे, एकदा या परक्याचा विश्वास पाहून आणि एकदा स्वतःच्या गावात, नासरेथला, लोकांचा अविश्वास पाहून. हे आठवलं की आपण काहीतरी वाटायला आलोय असा जो भाव चेहऱ्यावर असतो तो जरा उतरतो, माझा तरी उतरला.

पण नम्र म्हणजे मुकाट असं समजू नका, आपल्याकडं बायांना हे उलटंच शिकवलेलं असतं. सुरफुनीकी बाई, परक्या जातीची, आजारी लेकीसाठी आलेली, टेबलाखालच्या चुऱ्यावरून येशूशी वाद घालते आणि वादात टिकते. आंधळा भिकारी बार्तीमय येशूला हाका मारतो तेव्हा त्याला यरीहोच्या रस्त्यावर सगळे गप्प बस म्हणतात, तो जास्तच ओरडतो. आजारी माणूस देवावर चिडून बोलला तर त्याला अडवू नका.

प्रार्थना छोटी करा. मार्क १ मधला कोडी, म्हणजे कुष्ठरोगी, येशूला म्हणतो, तुझी इच्छा असेल तर. काही चंगाई सभांमध्ये (प्रार्थनेनं बरं करण्याच्या सभांमध्ये) शिकवतात की "असेल तर" म्हणणं म्हणजे अविश्वास. मला हे बिलकुल पटत नाही. गेथशेमाने बागेत, पकडलं जायच्या आधी, प्रभूनंच "माझ्या इच्छेप्रमाणे नको" म्हटलंय, प्रेषित पौलानं शरीरातल्या काट्यासाठी (आपल्या एका दुखण्याला तो असं म्हणतो) तीनदा मागितलं आणि काटा राहिलाच, आणि आपला सोबती त्रफिम याला तो मिलेत इथं आजारी सोडून पुढं गेला. त्यामुळं "तुम्ही आजच बरे झालात, बोला आमेन" असं कोणाकडून वदवून घेऊ नका. हात ठेवायचा तर विचारून, बाईमाणसाला बाईनं. त्या कुष्ठरोग्याला येशूनं आधी स्पर्श केला, मग तो बरा झाला, हा क्रम बघा. आमच्या वर्ध्यातच सेवाग्रामला गांधीजी परचुरे शास्त्रींच्या कुष्ठाच्या जखमा स्वतःच्या हातानं धूत होते हे आमच्याकडच्या म्हाताऱ्यांना पाठ आहे, ते सांगितलं की स्पर्शाची गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागत नाही. आज तर कुष्ठाच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, प्रकारानुसार सहा किंवा बारा महिने.

गोळ्या बंद करा असं चुकूनही म्हणू नका. टीबी, शुगर, बीपी, सिकलसेल, काहीही असो. येशूनंच त्या कुष्ठरोग्याला सांगितलं की जाऊन याजकाला दाखव, म्हणजे आधी तपासून घे. आणि साप चावला असेल तर गोष्टही नको आणि बायबलही नको, आधी गाडी काढा, प्रार्थना गाडीत करा. साप, विंचू, कुत्रा चावलेल्याला उपचार घेण्यापासून अडवणं २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुन्हा आहे, पण कायदा नसता तरी हेच केलं असतं ना.

अर्पणाची थाळी आजाऱ्याच्या घरी फिरवायची नाही. मोबाईलवर साक्ष (मी असा बरा झालो हे सांगणं) रेकॉर्ड करून ग्रुपवर टाकायची नाही, येशू बऱ्याच जणांना कोणाला सांगू नको म्हणत होता.

आणि हातात काहीतरी खायचं न्या. याईराची मेलेली मुलगी येशूच्या शब्दानं उठल्यावर सगळे थक्क होऊन उभे होते, आणि येशू म्हणतो हिला खायला द्या. मला मार्क ५ मधलं हेच वाक्य सगळ्यात जास्त आवडतं आणि त्या काकूकडं पहिल्या वेळी मी नेमकं तेच वाचलं नव्हतं.

पंधरा दिवसांनी परत गेलो. बेथेस्दा वाचलं, "मले पाण्यात सोडाले कोणी नाही" असं आपल्या बोलीत सांगितलं तर काकू पडल्या पडल्या हसली, म्हणाली, हा तर माह्यासारखाच कुरकुऱ्या हाये. भाषण केलं नाही. बायकोनं डब्यात मुगाची पातळ खिचडी दिली होती, ती सुनेनं ताटलीत काढली. काकूनं दोन घास खाल्ले आणि म्हणाली, "मीठ कमी हाये."