कॅसेटची डीव्हीडी करताना होणारी शब्दांची गल्लत : या चुका टाळा

नागपुरातल्या पुष्कळ घरांत लग्न-मुंजीच्या मिनी-डीव्ही कॅसेट अजूनही कपाटात पडून आहेत. त्यांच्या डीव्हीडी करताना काही बिनसले की लोक यंत्राला दोष देतात; माझा अनुभव असा की निम्मा घोटाळा शब्दांचा असतो.

‘डीव्हीडीवर फाइल टाकली, पण टीव्हीच्या प्लेअरवर चालत नाही’ ही नेहमीची तक्रार. येथे एन्कोडिंग, ऑथरिंग आणि बर्निंग या तीन निराळ्या कामांना एकच काम समजलेले असते. चित्रीकरण एमपेग-२ या डीव्हीडीच्या व्हिडिओ-स्वरूपात आणणे हे एन्कोडिंग; त्याला मेन्यू व चॅप्टर जोडून ‘व्हिडिओ_टीएस’ या फोल्डरमध्ये व्हॉब (चित्र-आवाज), आयएफओ (मेन्यू-चॅप्टरची माहिती) आणि बीयूपी (त्या माहितीची राखीव प्रत) फाइली तयार करणे हे ऑथरिंग; आणि तो फोल्डर डिस्कवर उतरवणे हे बर्निंग. मधली पायरी गाळली तर हाती येते ती केवळ डेटा डिस्क. काही प्लेअर एव्हीआय फाइलही चालवतात, त्यामुळे गैरसमज अधिकच पक्का होतो. वास्तविक एव्हीआय हा नुसता डबा आहे. आत कोणता कोडेक, म्हणजे चित्र-आवाज दाबून साठवण्याची पद्धत, आहे ते त्याच्या नावावरून कळत नाही.

दुसरी चूक हिशेबाची. एकपदरी (सिंगल लेयर) डिस्कवरचे ४.७ जीबी म्हणजे ४.७ अब्ज बाइट, आणि संगणक तेच ४.३८ असे दाखवतो; त्यात फसवणूक काहीच नाही, मोजण्याची पद्धत तेवढी वेगळी. बिटरेट, म्हणजे दर सेकंदाच्या चित्र-आवाजाला लागणारी माहिती, मात्र बाइटमध्ये नव्हे, बिटमध्ये मोजतात. म्हणून ४.७ ला ८ ने गुणून ३७.६ अब्ज बिट धरावेत आणि दोन तासांच्या ७,२०० सेकंदांनी भागावे : सेकंदाला सुमारे ५.२ मेगाबिट येतात. त्यातून आवाजाचा वाटा आणि थोडी मोकळी जागा वजा केली की चित्रासाठी पाचच्याही आतच उरतात. सीमांतपूजनापासून पाठवणीपर्यंतचे चार तास एकाच डिस्कवर कोंबले, तर अक्षता उडताच चित्रात चौकोन दिसू लागतात. उलट टोकाला जाऊन चित्रासाठी ९.८ मेगाबिटची कमाल मर्यादा गाठणेही बरे नव्हे, कारण घरी लिहिलेली डिस्क वाचताना जुने प्लेअर तेथे अडखळतात. मी आठच्या वर जात नाही.

सर्वांत चकवणारा दोष फील्ड ऑर्डरचा. आपल्याकडच्या पाल या टीव्ही पद्धतीत सेकंदाला २५ फ्रेम असतात आणि इंटरलेस्ड चित्रीकरणातली प्रत्येक फ्रेम दोन फील्डांची, म्हणजे एकाआड एक ओळींच्या दोन संचांची, बनते. मिनी-डीव्हीत खालचे फील्ड आधी येते, तर अनेक कॅप्चर कार्डांमधून (चित्रीकरण संगणकात घेणाऱ्या कार्डांमधून) वरचे आधी येते. एन्कोडरला उलटा क्रम सांगितला की स्थिर दृश्ये ठीक दिसतात, पण हालचाल थरथरते. इतवारीतल्या मारबतीच्या मिरवणुकीचे एक चित्रीकरण मी असेच बिघडवले होते : पिवळी मारबत पुढे सरकताना दर पावलाला मागे ओढल्यासारखी दिसे. संगणकाच्या पडद्यावर हा दोष बरेचदा लपतो, म्हणून आधी पुनर्लेखनक्षम डिस्कवर दोन मिनिटांचा तुकडा उतरवून तो टीव्हीवर पाहावा. घाबरून सरसकट डीइंटरलेस करू नये, म्हणजे दोन फील्ड एकत्र करून टाकू नयेत. क्रम सुधारून पुन्हा एन्कोड करणे पुरते.

चेहरे लांबट दिसले तर आस्पेक्ट रेशो तपासावा, कारण ४:३ आणि १६:९ या दोन्हींची फ्रेम ७२० बाय ५७६ पिक्सेलचीच असते. फरक फक्त चित्र कोणत्या आकारात दाखवायचे हे प्लेअरला सांगणाऱ्या खुणेचा. ऑडिओ सीडीवरून घेतलेली सनई ४४.१ किलोहर्ट्‌झची असते आणि डीव्हीडीला ४८ लागतात, तेव्हा ती आधी बदलून घ्यावी.

राहिले फायनलाइझ करणे, म्हणजे डिस्क इतर प्लेअरनाही वाचता यावी म्हणून तिचे लेखन पूर्ण करून बंद करणे. टीव्हीजवळच्या रेकॉर्डरवर लिहिलेली डिस्क त्याच रेकॉर्डरवर चालते आणि इतरत्र कोरी दिसते, तेव्हा ती बाद समजून फेकू नये. बहुधा हीच पायरी राहिलेली असते. डिस्क परत त्याच यंत्रात घालून फायनलाइझ करावी आणि मग शेजारच्या प्लेअरवर लावून पाहावी.