दात सोडा, खांदे सोडा: शंभर मीटरच्या मनाची तयारी

तालुक्याच्या मैदानावर शंभर मीटरची हीट, म्हणजे प्राथमिक फेरी, सुटली की कडेला उभे असलेले सर, बाई, आईबाप सगळे एकच ओरडतात, ‘जोर लाव!’ साठ मीटरनंतर नेमकं हेच नडतं. जोर लाव म्हटल्यावर पोर काय करतं? दात आवळतं, खांदे कानांपर्यंत नेतं, मुठी घट्ट वळतं. पाय पुढे येताना मांडीच्या मागचा स्नायू त्या क्षणापुरता सैल सुटावा लागतो. सगळं अंग आवळलं की पुढचा आणि मागचा स्नायू एकमेकांविरुद्ध ओढत राहतात, पाऊल आखडतं आणि वेग उतरतो.

बर्लिनला २००९ साली उसेन बोल्टने ९.५८ सेकंदांचा विक्रम केला. त्यात ६० ते ८० मीटरचा टप्पा १.६१ सेकंदांत गेला आणि शेवटचे वीस मीटर १.६६ सेकंदांत. विश्वविक्रमातही शेवटी वेग उतरतोच. शाळकरी मुलांचा वेग तर त्याच्या बराच आधी, साधारण चाळीस-पन्नास मीटरलाच शिगेला पोचतो. उरलेल्या निम्म्या शर्यतीत वाढवायचं काही नसतं, जपायचं असतं. म्हणून ऐंशी मीटरला शेजारचा ‘सुटला’ असं वाटतं तेव्हा बहुतेक वेळा तो वेग वाढवत नसतो, आपण त्याच्यापेक्षा जास्त गमावत असतो. ही एक गोष्ट नीट समजली की अर्धी घाबरगुंडी कमी होते. घाबरलेलं पोर जोर लावतं आणि आणखी मागे पडतं.

सैल धावणं सांगून येत नाही, सरावात बसवावं लागतं. दोन्ही हातांत अंगठा आणि तर्जनीच्या मध्ये एकेक वाळलेलं पान धरायचं आणि ६० मीटर धावायचं, सहा वेळा, दर वेळी चालत परत. पान चुरलं तर ती धाव मोजायची नाही. जोडीदाराने ४० मीटरच्या खुणेपाशी उभं राहून फक्त जबडा बघायचा. गाल थरथर हलत असले तर जबडा सैल आहे, गालावर शीर ताठ दिसली तर दात आवळलेत. ओरडायचंच असेल तर एवढंच ओरडा: ‘दात सोड!’

पुढचं काम शब्दांचं. शंभर मीटर धावताना डोक्यात वाक्य मावत नाही, एक शब्द मावतो. शर्यतीचे तीन तुकडे करा आणि प्रत्येकाला एक शब्द द्या. पहिल्या तीस मीटरला ‘रेट’: जमीन मागे ढकलायची, नजर खाली. तीस ते साठला ‘ताठ’: कंबर उंच, गुडघा वर. साठच्या पुढे ‘सैल’. शब्द मुलाने स्वतः निवडावा, घरी जी बोली बोलतो त्यातला असला तर उत्तम. सरावात तीस आणि साठ मीटरला चुन्याची आडवी रेघ मारा आणि रेघ ओलांडताना तो शब्द मोठ्याने म्हणायला लावा. दोन आठवड्यांनी मनात. सहसा चूक होते ती इथे: सर दर रविवारी नवीन शब्द देतात. हंगामभर तेच तीन ठेवा.

सुरुवात बिघडली तर काय, हेही आधीच ठरवून ठेवावं लागतं. पॅरिस ऑलिंपिकला २०२४ मध्ये शंभर मीटरच्या अंतिम फेरीत अमेरिकेचा नोआ लाइल्स पहिल्या टप्प्यात मागे होता आणि शेवटी ९.७८४ विरुद्ध ९.७८९ असा जिंकला. फरक पाच हजारांश सेकंदाचा. मागे पडल्यावर त्याने शर्यत घाईने भरून काढायचा प्रयत्न केला असता तर हे घडलं नसतं. यासाठी एक ‘जर-तर’चं पान करा आणि वहीत चिकटवा. जर पाय घसरला, तर पुढच्या पावलाला ‘रेट’. जर शेजारचा पुढे दिसला, तर स्वतःच्या लेनच्या टोकाकडे नजर. जर हीट लांबली, तर अमुक हालचाली. पाच-सहा ओळी पुरतात. शर्यतीच्या क्षणी विचार करायला वेळ नसतो, आठवायला असतो.

हीट लांबणं ही आपल्याकडची अगदी खरी अडचण. नऊची शर्यत साडेअकराला होते, मांडवाखाली दमट उकाड्यात पोरं बसून राहतात आणि सकाळी केलेला वॉर्म-अप वाया जातो. नियम सोपा ठेवा: वीस मिनिटांहून जास्त थांबलं की दोन मिनिटं जागेवर गुडघे उचलणं, पायांचे झोके आणि २० मीटरच्या दोन हलक्या धावा. तोवर सावलीत बसायचं, दर पंधरा मिनिटांनी दोन-तीन घोट पाणी. इतर हीटच्या वेळा ऐकत बसायचं नाही. ‘अमक्याने बारा पॉइंट एक काढलीन’ हे ऐकून कोणाचे पाय हलके होत नाहीत. लेनमध्ये उभं राहिल्यावर चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, असं पाच वेळा. बाहेर सोडणं लांब ठेवलं की छातीतली धडधड खाली येते. धडधड पूर्ण थांबवायची नाही, ती हवीच असते.

‘सेट’ अशी तयारीची हाक झाल्यावर लक्ष सुरुवातीच्या बंदुकीकडे न्यायचं नाही. लक्ष पहिल्या हालचालीवर, म्हणजे मागचा गुडघा आणि समोरचा हात यांवर. आवाजाची वाट बघणारा मुलगा एक तर उशिरा उठतो किंवा आधीच. २०१० पासून एकाच फॉल्स स्टार्टला, म्हणजे इशाऱ्याआधी निघाल्यास, बाद करतात. पाय टेकवायचे ब्लॉक इलेक्ट्रॉनिक असतील तर बंदुकीनंतर ०.१०० सेकंदांच्या आत निघालेला धावपटू पकडला जातो. सरावाला जोडीदाराने दोन फळ्या वाजवाव्यात. ‘सेट’नंतर कधी एक सेकंद, कधी तीन, आणि पाचातून एकदा वाजवायच्याच नाहीत. दहा सुरुवाती, मध्ये दोन मिनिटं विश्रांती. न वाजवलेल्या वेळी जो हलला त्याला रागवायचं नाही, फक्त वहीत एक फुली. महिन्यात फुल्या कमी झाल्या की काम होतंय.

बोल्टसुद्धा २०११ मध्ये दैगूच्या जागतिक स्पर्धेत शंभर मीटरच्या अंतिम फेरीत फॉल्स स्टार्टने बाद झाला होता. सहा दिवसांनी त्याच मैदानावर त्याने दोनशे मीटर १९.४० सेकंदांत जिंकली. बाद झालेल्या मुलाला हे सांगा, पण त्याच दिवशी नको. त्या दिवशी काही सांगू नका. घरी न्या, जेवायला वाढा.

हरल्यावरची पद्धत अशी. पहिले चोवीस तास चर्चा नाही, रडू आलं तर रडू द्या. दुसऱ्या दिवशी वहीत तीन ओळी. पहिली: काय झालं, फक्त आकडे (‘१२.६, चौथा, सत्तरला आखडलो’). दुसरी: आपल्या हातातलं एक कारण. तिसरी: येत्या सरावात बदलायची एकच गोष्ट. दुसऱ्या ओळीत ‘लेन वाईट होती’ आलं तर खोडायला लावा, ‘मी कमजोर आहे’ आलं तरी खोडायला लावा. दोन्हींवर सराव करता येत नाही. पी. टी. उषा यांचं ऑलिंपिक कांस्य १९८४ मध्ये लॉस एंजेलिसला चारशे मीटर हर्डल्समध्ये ५५.४२ सेकंदांवर हुकलं, तिसरी आली ती ५५.४१ ला. पुढच्याच वर्षी जकार्ताच्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत त्यांनी पाच सुवर्णं घेतली. एक शतांश सेकंदाचं दुःख वाहत बसण्यापेक्षा छाती पुढे टाकण्याचा सराव करा: ७० टक्के वेगाने आठ धावा आणि ऐन रेघेवर खांदे पुढे. मुलं दोन-तीन मीटर आधीच वाकतात किंवा उडी मारतात. दोन्हींत वेळ जातो.

उषा केरळातल्या पय्योळीच्या किनाऱ्यावर सराव करत. आपल्याकडे कोकणात तर पुळण, म्हणजे वाळूचा किनारा, दाराशी आहे, पण ती वापरायची रीत आहे. आधी पाणी कधी ओसरतं ते काढा. जुना हिशेब सोपा: तिथीला पाऊणने गुणलं की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते, ओहोटी त्याच्या सहा-सव्वासहा तास आधी आणि नंतर. द्वितीयेला भरती दीडच्या सुमारास, म्हणजे सकाळी सव्वासातला पाणी खूप मागे आणि ओली पट्टी रुंद. अष्टमीला सकाळी सहालाच पूर्ण भरती, तेव्हा मैदान गाठा. पौर्णिमा-अमावास्येपासून तृतीयेपर्यंतच्या सकाळी कामाच्या. टाचेचा ठसा उमटतो पण पाऊल रुतत नाही अशी वाळू निवडा. तिथे ८० मीटरच्या सहा धावा, एक जाताना, एक येताना. किनारा पाण्याकडे उतरता असतो, एकाच दिशेने धावलं तर एकाच बाजूचा घोटा आणि कंबर धरते. कोरड्या भुसभुशीत वाळूत २० मीटरच्या सहाच, आठवड्यातून एकदा. जास्त केल्या तर टाचेवरची शीर दुखावते.

वाळूत घड्याळ लावू नका. वेळ वाईटच येते आणि पोर खचतं. आणि ‘शेवटची एक’ म्हणत चार वाढवू नका. त्याने चिवटपणा येत नाही, मुलगा पुढच्या वेळी पहिल्यापासूनच अंग राखून धावतो. सहा म्हटलं की सहा.

जून ते सप्टेंबर मैदान चिखल असतं, जांभ्यावर शेवाळ, समुद्राला उधाण. या दिवसांत किनारा आणि पाखाडी (दगडी पायऱ्यांची वाट) दोन्ही टाळा. शाळेची वीस मीटरची पडवी मिळाली तरी पुष्कळ आहे. भिंतीला हात टेकून अंग तिरकं करायचं आणि दहा सेकंद गुडघे मारायचे, तीन वेळा. मग दहा मीटरच्या आठ सुरुवाती, समोर थांबायला जागा ठेवून. शालेय स्पर्धा बहुधा पाऊस पुरता सरण्याआधीच सुरू होतात, म्हणून जो पडवीत नेमाने येतो त्याचं वेगळेपण तिथे दिसतं.

मांडीच्या मागे कचकन झालं तर त्याच पावलाला थांबा. ताणू नका, तेल लावून रगडू नका, डॉक्टरांना दाखवा. परवानगी मिळाल्यावर ६०, ७०, ८०, ९० टक्के वेग, प्रत्येक पायरीला दोन सराव, मध्ये एक दिवस विश्रांती. दुखलं तर एक पायरी खाली. याच काळात मन सगळ्यात जास्त फसवतं: मुलगा एकदम पूर्ण वेग मारून बघतो किंवा बरा होऊनही त्या पावलाला बिचकतो. त्याला रोज मैदानावर बोलवा, फळ्या वाजवायला द्या, इतरांची वही लिहायला द्या.

विभागीय स्पर्धेला गेल्यावर बऱ्याच मुलांना पहिल्यांदाच सिंथेटिक ट्रॅक दिसतो. आदल्या संध्याकाळी परवानगी काढून आपल्या लेनमधून शंभर मीटर चालायला लावा. लेन १.२२ मीटर रुंद असते, हात पसरून बघू दे. स्पाइक्सच्या बुटांचे खिळे ६ मिलिमीटरचे आहेत ना, घट्ट बसलेत ना, हे रात्रीच तपासा. मातीवरचे लांब खिळे तिथे रुततात. जर-तरचं पान एकदा वाचून पिशवीत ठेवा, सकाळी पुन्हा काढू नका.