कलाकाराला रंगमंचावर उचलणारी हवेची लिफ्ट: जुळणी आणि वापर

हवेच्या दाबावर चालणारी लिफ्ट बसवण्यापूर्वी एक गोष्ट मनाशी पक्की करावी: कलाकाराला वर नेण्याचे काम हवेने करावे, पण वर धरून ठेवण्याचे काम पोलादाकडेच असावे. हवा दाबली जाते आणि पसरतेही, आणि या लिफ्टमधील बहुतेक अडचणींचे मूळ तेथेच आहे.

हिशेब करून पाहिला की मुद्दा स्पष्ट होतो. १०० मिलिमीटर व्यासाच्या सिलिंडरवर फळी आणि कलाकार मिळून २०० किलो वजन असेल, तर ते तोलण्यासाठी सुमारे २.५ बार दाब लागतो. लिफ्ट एक मीटर वर येऊन मध्येच थांबली आहे, खालची हवा कोंडलेली आहे आणि ८० किलोचा कलाकार फळीवरून उतरला, असे समजा. आता १.५ बार दाब पुरेसा असल्याने उरलेली हवा पसरते आणि रिकामी फळी सुमारे ४० सेंटिमीटर वर उसळू पाहते. उलट, वर उभ्या असलेल्या कलाकाराने उडी मारली, तर फळी गादीसारखी हिंदकळते. म्हणून ही लिफ्ट तळ आणि माथा या दोनच जागांसाठी वापरावी. मधल्या उंचीवर थांबणे संहितेला आवश्यकच असेल, तर स्क्रूवर किंवा तेलाच्या दाबावर चालणारी यंत्रणा निवडावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

माथ्यावर फळी भक्कम अडसराला टेकली पाहिजे आणि टेकताच तिच्या चौकटीखाली पोलादी खिट्ट्या सरकल्या पाहिजेत. खिट्ट्या पूर्ण बसल्याची खूण चालकाला दिसेपर्यंत कलाकाराने जागेवरून हलू नये. उतरवताना क्रम उलटा असतो: आधी दाब भरून खिट्ट्यांवरचा भार काढावा, मगच त्या मागे घ्याव्यात.

६ बार दाबाला हाच सिलिंडर कागदावर सुमारे ४८० किलो उचलतो. पण घर्षण, नळीतील दाबाची घट आणि हालचाल सुरू करताना लागणारा जादा जोर लक्षात घेऊन त्याच्या निम्म्याच भाराचा आराखडा करावा. कलाकार फळीच्या कडेला उभा राहिला तरी सिलिंडरमधून वर येणारा दांडा वाकू नये, यासाठी आडवा भार स्वतंत्र गाईड रॉडवर, म्हणजे फळीला सरळ रेषेत ठेवणाऱ्या दांड्यांवर घ्यावा. अंतिम आराखडा आणि जोडणी मात्र माणसे उचलणाऱ्या यंत्रणांचा अनुभव असलेल्या अभियंत्याकडून तपासून घ्यावी. येथे हौशीपणा परवडत नाही.

हवा अडवणारा वॉल्व्ह थेट सिलिंडरच्या तोंडाशीच बसवावा, कारण तो नळीच्या दुसऱ्या टोकाला असेल तर नळी फुटताच निरुपयोगी ठरतो. आपत्कालीन बटणाच्या बाबतीतही एक चूक नेहमी होते. कारखान्यातील यंत्रात हे बटण दाबले की हवा बाहेर सोडली जाते. येथे तसे केले, तर कलाकार खाली कोसळेल. या बटणाने हवा जागीच कोंडली गेली पाहिजे आणि दांड्याला स्प्रिंगचा ब्रेक लागला पाहिजे.

दोन्ही बाजूंनी हवा घेणाऱ्या सिलिंडरचा वेग बाहेर जाणारी हवा रोखून आवरला जातो. रात्रभर बंद राहिलेल्या सिलिंडरच्या वरच्या कप्प्यात रोखण्यासारखी हवाच नसते, त्यामुळे दिवसाची पहिली फेरी झटका देऊन सुटू शकते. हवा हळूहळू भरणारा वॉल्व्ह बसवावा आणि प्रयोगाआधी दोन-तीन फेऱ्या रिकाम्याच घ्याव्यात. बाहेर पडणाऱ्या हवेला साइलेन्सर हवाच, नाही तर शांत प्रवेशात ती फुसकन बोलते.

फळी आणि रंगमंचाची कड यांच्यामध्ये बोट, बूट किंवा घेरदार पोशाख सापडू शकतो. फळीभोवती खालपर्यंत सलग पडदी असावी, उभे राहण्याची चौकट रंगवलेली असावी आणि फळी खाली असताना उघड्या खड्ड्याभोवती कठडा किंवा राखणदार असावा. चालकाला कलाकार प्रत्यक्ष किंवा कॅमेऱ्यातून दिसलाच पाहिजे. बटण दाबून धरले तरच लिफ्ट चालावी, आणि कलाकाराची खूण मिळाल्याशिवाय संगीताची ठरलेली जागा आली तरी ते दाबू नये.

पहिल्या चाचण्या ठरलेल्या भाराच्या सव्वापट वाळूच्या पोत्यांवर घ्याव्यात, नंतर तंत्रज्ञाने स्वतः उभे राहावे आणि शेवटी कलाकाराने, तोही पूर्ण पोशाखात. रंगीत तालमीत एकदा मुद्दाम वीज बंद करून, हाताने चालणाऱ्या वॉल्व्हने फळी सावकाश खाली आणून पाहावी. तो वॉल्व्ह कोठे आहे, हे त्या अंधारात किमान दोघांना चाचपडून सापडले पाहिजे.