पाईप कटर कसा निवडावा: कोकणातल्या नळाच्या आणि गरम पाण्याच्या कामासाठी

कोकणात एकाच घरात चार जातींचे पाईप सापडतात. विहिरीवर जुना जीआय (जस्त चढवलेला लोखंडी), परसातून टाकीपर्यंत काळा एचडीपीई (वेटोळ्यात येणारं लवचिक प्लास्टिक), बाथरूमच्या भिंतीत सीपीव्हीसी (गरम पाणी सोसणारं प्लास्टिक) आणि पर्यटकांसाठी दोन खोल्या काढल्या असतील तर एसीची तांब्याची नळी. या सगळ्यांना एकच हॅक्सॉ ब्लेड लावायची सवय अजून बऱ्याच ठिकाणी आहे. काम होतं, नाही असं नाही. पण पुढे गळती शोधत गेलं की पुष्कळदा तिरक्या कापलेल्या, आतून कड राहिलेल्या टोकाशीच येऊन थांबावं लागतं. गणपतीच्या तोंडावर, मुंबईची मंडळी घरात उतरलेली असताना भिंत फोडून ते टोक शोधणं फार त्रासाचं असतं.

म्हणून कटर घेताना पहिला प्रश्न हा विचारा: कापलेलं टोक पुढे कशात बसणार आहे? त्यावर आटे पाडायचे आहेत, की सोल्यूशन (प्लास्टिकचे पाईप चिकटवायचा द्रव) लावून ते कपलरमध्ये घालायचं आहे, की रबरी रिंगच्या, आवळून बसवायच्या कॉम्प्रेशन फिटिंगमध्ये जायचं आहे, की फ्लेअर करायचं, म्हणजे भोंग्यासारखं पसरवायचं आहे? टोक कसं हवं हे जोड ठरवतो, आणि तसं टोक देईल तो कटर आपला.

यादी करा आणि बाहेरचं माप घ्या

गेल्या वर्षभरात कुठली कामं जास्त आली ते कागदावर लिहा. बागेचं ठिबक आणि डोंगरातल्या झऱ्यावरून आणलेलं पाणी हेच मुख्य काम असेल, तर तांब्याच्या नळीचा भारी कटर घेऊन तो पेटीत पडून राहील. समुद्रकाठच्या रिसॉर्टची कामं घेणाऱ्याला मात्र त्याच्यावाचून चालणार नाही.

मग मापं. इथे नवशिक्यांचा हमखास गोंधळ होतो, कारण पाईपचं नाव आणि त्याची जाडी यांचा मेळ नसतो. अर्धा इंची जीआय बाहेरून २१.३ मिमी भरतो. अर्धा इंची सीपीव्हीसी १५.९ मिमी. एसीच्या कामातली अर्धा इंची तांब्याची नळी १२.७ मिमी. तिघांचं नाव एकच, जाडी वेगवेगळी. काळ्या एचडीपीईचं नाव मात्र थेट बाहेरच्या मापावरून असतं: २०, २५, ३२, ४०, ५०, ६३ मिमी. कटरवर लिहिलेली क्षमता बाहेरच्या मापाचीच असते, हे पक्कं लक्षात ठेवा. ४२ मिमीचा रॅचेट कटर (हँडल पुन्हा पुन्हा दाबून टप्प्याटप्प्याने कापणारा) दीड इंची यूपीव्हीसी (थंड पाण्याचा साधा प्लास्टिक पाईप) घेणार नाही, कारण तो पाईप बाहेरून ४८.३ मिमी आहे. दोन इंचीपर्यंत जायचं असेल तर ६३ मिमीचा कटर लागतो.

प्लास्टिकच्या पाईपसाठी

यूपीव्हीसी, सीपीव्हीसी आणि एचडीपीई या तिघांना कात्रीसारखा रॅचेट कटर पुरतो. त्याचा फायदा असा की भुसा पडत नाही. हॅक्सॉने कापलेल्या प्लास्टिकचा भुसा पाण्याबरोबर जातो आणि नळाच्या जाळीत किंवा वॉशिंग मशीनच्या व्हॉल्व्हमध्ये अडकतो. मग गिऱ्हाईक आठवड्याने फोन करतं की पाणी बारीक झालं.

घेताना पातं बघा. ते बदलता आलं पाहिजे. पातं मिटल्यावर ते खालच्या खाचेत बरोबर मध्ये बसतं का, हेही बघा. एका बाजूला कलत असेल तर काप कायम तिरका येणार. तिरक्या टोकाचं नुकसान सोल्यूशनच्या जोडाला सर्वात जास्त होतं. पाईप सॉकेटच्या तळापर्यंत सगळीकडून टेकत नाही, तेवढी चिकटायची जागा कमी होते. कापताना पातं एका दमात दाबू नका. आधी हलकंच टेकवून रेघ पाडा, पाईप थोडा फिरवा, मग रॅचेट चालवा. कापल्यावर आतली-बाहेरची कड काढा आणि बाहेरून थोडा उतार द्या, म्हणजे सोल्यूशन सॉकेटमध्ये ढकललं जाण्याऐवजी जोडातच राहतं.

एचडीपीईचं वेटोळं कापताना तो भाग हाताने सरळ करून धरा. वाकलेल्या ठिकाणी कापलं की काप सरळ दिसतो, पण पाईप सरळ झाल्यावर टोक तिरकं निघतं. त्यावर धारदार कड राहिली तर कॉम्प्रेशन फिटिंगची रबरी रिंग फाटते आणि जोड कितीही आवळला तरी पाझरत राहतो.

११० मिमीच्या सांडपाण्याच्या पाईपला रॅचेट कटर पोचत नाही. तिथे बारीक दातांची करवत घ्या आणि सरळ कडेचा जाड कागद पाईपभोवती गुंडाळून त्या कडेने रेघ मारून घ्या. कागदाची दोन टोकं नीट जुळली की रेघ काटकोनातच येते.

जुना सीपीव्हीसी: इथे घाई नको

हा मुद्दा मी मुद्दाम वेगळा काढतो, कारण किनाऱ्यावर तो फार वेळा भेटतो. गच्चीवर उघड्यावर पडलेला, वर्षानुवर्षं ऊन खाल्लेला सीपीव्हीसी ठिसूळ होतो. त्यावर रॅचेट कटर दाबला की कड-कड असा बारीक आवाज येतो. तो आवाज ऐकला की थांबा. टोक उन्हात धरून नखाने चाचपा. केसासारखी रेघ लांबीच्या दिशेने गेलेली दिसेल. ती कपलरमध्ये झाकली जाते, जोड कोरडा दिसतो, आणि गरम पाणी सोडल्यावर ती पुढे सरकते. तडा दिसला तर जिथे तो संपतो त्याच्या किमान २ इंच पुढे पुन्हा कापा. अशा पाईपला प्लास्टिकसाठीचा चाकाचा कटर किंवा बारीक दातांची करवत जास्त सुरक्षित. भुसा पडेल, तो पुसून काढता येतो. तडा काढता येत नाही.

गरम लाईनवर एवढी काळजी का? एसडीआर ११ जातीचा (एसडीआर म्हणजे पाईपचं बाहेरचं माप भागिले भिंतीची जाडी) सीपीव्हीसी २३ अंश सेल्सिअसला ४०० पीएसआय (चौरस इंचाला पौंड) दाब सोसतो. तोच पाईप ८२ अंशांना १०० पीएसआयवर येतो, म्हणजे ताकद चौथाई राहते. थंड लाईनवर वर्षभर निमूट राहिलेला कच्चा काप गिझरच्या लाईनवर उघडा पडतो तो यामुळे. सीपीव्हीसीवर आयएस १५७७८ हा मानक क्रमांक आणि एसडीआर छापलेला असतो, कापण्याआधी तो वाचून घ्या. साधा यूपीव्हीसी गरम पाण्याला लावूच नका.

सोलर हीटरचं काम करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट धरून चालावी. काचेच्या नळ्यांचा सोलर असेल आणि एप्रिल-मेमध्ये घर बंद राहिलं, तर टाकीतलं पाणी उकळीच्या जवळ जाऊ शकतं. सीपीव्हीसीची मर्यादा ९३ अंशांची. त्यामुळे टाकीलगतचा पहिला तुकडा धातूचा ठेवणं शहाणपणाचं. म्हणजेच गरम पाण्याचं काम घेणाऱ्याच्या पेटीत दोन कटर हवेतच, एक प्लास्टिकचा आणि एक धातूचा.

जीआयसाठी: एक चाक की चार?

जीआयला चाकाचा जड कटर. अर्धा ते दोन इंचीपर्यंत चालणारा घेतला की घरगुती कामातलं जवळपास सगळं त्यात येतं. एक चाक आणि दोन रोलर असलेला कटर सर्वात बरा, कारण रोलर पाईपला सरळ धरून ठेवतात. पण त्याला पाईपभोवती पूर्ण फेरा मारायला जागा लागते. जांभ्याच्या भिंतीत खोदलेल्या चरीत किंवा विहिरीच्या कठड्याला लागून गेलेल्या पाईपवर हँडल फिरतच नाही. तिथे चार चाकांचा कटर: तो थोडा पुढे, थोडा मागे हलवला तरी चारही चाकं मिळून पूर्ण घेर कापतात. मात्र चारही चाकं एका रेषेत धावली पाहिजेत, नाहीतर चार वेगळ्या रेघा पडतात. नवशिक्याने आधी एका चाकाचा घ्यावा आणि हात बसल्यावर चार चाकांचा.

जीआय पाईपवरचा रंगाचा पट्टाही बघा. पिवळा हलका, निळा मध्यम, तांबडा जड. अर्धा इंचीत त्यांची जाडी २.०, २.६ आणि ३.२ मिमी असते. पिवळ्या पट्ट्याच्या पाईपवर हँडल जोरात आवळलं तर पाईप चेपतो, आणि त्यावर आटे पाडायचा डाय नीट बसत नाही.

कापायची रीत साधी आहे. पाईप वाइसमध्ये (शिकंज्यात) धरा, रेघेवर चाक टेकवा, कापावर तेल सोडा, पहिला फेरा हलका मारा. मग प्रत्येक फेऱ्याला हँडल पाव ते अर्धा वळसा. त्याहून जास्त आवळलं की चाकाची धार उडते आणि आतली कड वाढते.

ती आतली कड काढल्याशिवाय काम पूर्ण झालं असं समजू नका. चाक धातू कापतं तसं आत दाबतंही, त्यामुळे पाईपच्या तोंडाशी आत गोल कडं तयार होतं. आपल्याकडे कौलारू घरांना टाकी नळाच्या जेमतेम दोन-तीन मीटर वर असते. दर मीटरला दाब मिळतो चौरस सेंटिमीटरला ०.१ किलो. इतक्या कमी दाबावर प्रत्येक जोडाशी असं कडं राहिलं की वरच्या शॉवरला धार येत नाही. पंपाशिवाय, नुसत्या गरम-थंडाच्या वजनातल्या फरकावर चालणाऱ्या सोलरला तर अशी अडचण अजिबात परवडत नाही. म्हणून कटरबरोबर ही आतली कड काढणारा चांगला रीमर घ्या, आणि बाहेरचा उठाव कानशीने उतरवून मगच डाय लावा.

ग्राइंडरबद्दल विचारणारे पुष्कळ असतात. जलद आहे, कबूल. पण चकतीच्या उष्णतेने कापाजवळचं जस्त जळतं, आणि खाऱ्या वाऱ्यात गंज तिथूनच धरतो. जस्ताचा धूर फुप्फुसांना वाईट, ठिणग्या वाळल्या गवतावर पडतात. अगदीच गंजून चिकटलेल्या जागी, दुसरा मार्ग नसेल तेव्हाच तो वापरा. हॅक्सॉ लागलाच तर जीआयला इंचाला २४ दातांचं ब्लेड आणि पातळ नळीला ३२ दातांचं.

तांब्याची नळी

इथे छोटा, हातात मावणारा कटर आणि त्याला जोडलेला रीमर. भिंतीजवळच्या कामासाठी मिनी कटर वेगळा. कड काढताना नळीचं तोंड खाली धरा. तांब्याचा एक कण कॉम्प्रेसरमध्ये गेला तर नुकसान कटरच्या किमतीच्या कितीतरी पट. स्टील कापायचं चाक तांब्याला आणि तांबं कापायचं चाक स्टेनलेसला वापरू नका, प्रत्येकाच्या धारेचा कोन आणि कडकपणा वेगळा असतो.

दुकानात करायची परीक्षा

चिपळूण, रत्नागिरी, कुडाळ अशा कुठल्याही बाजारपेठेत जा, पण घरून पाईपचा एक तुकडा घेऊन जा. चाक त्यावर हलकंच टेकवा आणि एक पूर्ण फेरा मारा. रेघ जिथून निघाली तिथेच परत मिळाली पाहिजे. ती बाजूला सरकून आट्यासारखी फिरत गेली, तर चाक आणि रोलर एका सरळीत नाहीत. तो कटर कितीही चकचकीत असो, परत ठेवा. मग चाक बोटाने डावी-उजवीकडे हलवून बघा. किंचित ढिलाई ठीक, खडखडाट नको. हँडलचा स्क्रू पूर्ण बाहेर काढून पुन्हा आत घ्या, मध्येच अडकता कामा नये.

शेवटी दुकानदाराला विचारा: याचं सुटं चाक आणि पिन तुमच्याकडे मिळेल का? रिजिड, रोथेनबर्गरसारख्या नावाजलेल्या कटरची किंमत जास्त असते, पण त्यांच्या सुट्या भागांना नंबर असतो. स्वस्त कटर घ्यायला हरकत नाही, फक्त त्याची दोन सुटी चाकं त्याच दिवशी घ्या. पुढच्या खेपेला तोच माल दुकानात असेलच असं नाही.

खाऱ्या हवेत कटर टिकवणं

गुहागर-मालवणच्या पट्ट्यात उघडा ठेवलेला कटर पावसाळ्यात बघता बघता गंजतो. काम संपलं की कोरड्या फडक्याने पुसा, चाकाच्या पिनवर आणि स्क्रूवर मशीनचं तेल सोडा. फरशी धुवायचं ॲसिड आणि कटर एका पेटीत कधीच ठेवू नका. बाटली बंद असली तरी तिची वाफ निघते आणि हत्यारं तांबडी पडतात. रॅचेटच्या पात्यावर सुकलेलं सोल्यूशन राहिलं तर ते खरवडू नका, लगेच पुसायची सवय लावा.

फेऱ्यांची संख्या वाढली, हँडल जास्त आवळावं लागायला लागलं, किंवा कापाच्या कडेला चमकदार पाचर उठायला लागली, की चाक बदला. पिनही चाकाबरोबरच बदला. झिजलेल्या पिनवर बसवलेलं नवं चाक पहिल्याच पाईपवर डुगडुगतं.